घरचें आरोग्य : चष्मा उतरवावा कीं ठेवावा?

आमच्या एका वाचक-भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची पुतणी १९ वर्षांची असून महाविद्यालयांत शिकते. तिच्या दूरच्या चष्म्याचा नंबर गेल्या वर्षभरांत साडेचारावरून सव्वापांचावर गेला आहे. पुढील वर्षीं तिच्यासाठीं स्थळें पाहावयाचीं आहेत. तत्पूर्वीं लेसर किरणांनीं चष्मा घालवून टाकावा, असें घरांतील वडीलमंडळींच्या मनांत आहे. ‘आपलें मत काय?’ असें त्या विचारतात. हाच प्रश्न इतर घरांतहि उभा असेल, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोंत.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय तें पाहूं. डोळ्याच्या पुढच्या बाजूस घड्याळाच्या कांचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्यास कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागीं जेमतेम अर्धा मिलिमीटर. मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन् व त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं अमेरिकेंत असें दाखविलें कीं, एक्सायमर लेसरनें सजीव पेशीजाल आजूबाजूस न भाजतां अत्यंत बारकाईनें कोरतां येतें. लॅसिक शस्त्रक्रियेंत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा उचलून खालचा थर असाच कोरतात, व पापुद्रा पुन्हां जागीं बसवितात. एका नंबरास सुमारें १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारांश, खर्च होतात. हा खर्च पुन्हां कधींहि भरून येत नाहीं. म्हणून घाई नको.

नंबर निदान वर्षभर स्थिर असावा, ही पहिली अट. अठरा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे डोळा स्थिरावला असें नव्हे. कित्येकांचा नंबर विशी ओलांडल्यावरहि वाढतो. दुसरें, कॉर्निया पुरेसा जाड व नियमित आकाराचा हवा. कांहींचा तो हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढें येतो. अशा डोळ्यास ही शस्त्रक्रिया अपायकारकच. यासाठीं कॉर्नियाचा नकाशा काढून घेतात; त्यापूर्वीं कॉंटॅक्ट लेन्स कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागतात. डोळे कोरडे असणाऱ्यांनीं, गरोदर अथवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं व मधुमेह आटोक्यांत नसलेल्यांनीं थांबलेलें बरें.

अपेक्षाहि बेताच्या असाव्यात. बहुतेकांस दूरचें उत्तम दिसूं लागतें, हें खरें. परंतु डोळ्यांचा कोरडेपणा, रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसणें, हा त्रास कांहीं महिने होतो, व थोड्यांच्या बाबतींत तो टिकून राहतो. ‘चाळिशी’ तर कोणासच चुकत नाहीं. उलट, उणा नंबर असलेले आजोबा चष्मा कपाळावर सरकवून पोथी वाचतात. ती सोय या शस्त्रक्रियेनंतर राहत नाहीं. शिवाय मोठ्या नंबराचा डोळा आंतून लांबट असतो, तो तसाच राहतो. म्हणून दृष्टिपटलाची तपासणी पुढेंहि चालू ठेवावी लागते.

आतां स्थळांविषयीं. चष्मा गेला तरी जवळच्या दृष्टीची आनुवंशिक प्रवृत्ति बदलत नाहीं. तेव्हां वरपक्षापासून कांहीं झांकण्यासाठीं शस्त्रक्रिया करणें हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. जे घर मुलीच्या चष्म्यावरून तिचें मोल ठरवितें, तें घर तिच्या योग्य आहे काय, याचाच विचार प्रथम व्हावा. आणि आणखी एक गोष्ट आम्हांस खटकली. पत्रांत आजींचें, काकांचें, मावशींचें मत आहे. ज्या मुलीचे डोळे, तिचें मत मात्र एका ओळीनेंहि नाहीं!

आमचें उत्तर असें : तूर्त थांबावें. दरवर्षीं नंबर तपासावा व कागद जपून ठेवावे. नंबर स्थिरावल्यावर मुलीनेंच इच्छा दर्शविली, तर तिला नेत्रतज्ज्ञांशीं स्वतः बोलूं द्यावें. त्यांनीं ‘नको’ म्हटलें, तर होकार देणारा दुसरा शोधीत फिरूं नये. त्या नकारानें डोळे वांचले असें समजावें. तोंपर्यंत चष्मा आहेच, आणि त्यांतून जग स्वच्छ दिसतें.