धरणाच्या काठाला धनी कोण?

डिंभ्याच्या पाण्यावर नवी टूम आली आहे. रंगीत प्लास्टिकच्या निमुळत्या होड्या, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, अंगात फुगीर जाकीट. शनिवारी शहरातली मंडळी येतात, काठावर तंबू ठोकतात आणि सकाळी धुक्यात वल्हवत डोंगर बघत फिरतात. त्याला कयाकिंग म्हणतात. जाहिरातीतल्या फोटोत काठ अगदी निर्मनुष्य असतो. मग आम्ही कोण, भुतं?

ज्या गावाच्या नावानं तालुका ओळखला जातो ते आंबेगाव याच पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावला, गाव पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष वर येतात, म्हातारी माणसं तिथं जाऊन आपला उंबरा शोधतात. आमची भातखाचरं बुडवून 13.5 टीएमसीचं धरण झालं. पाणी कालव्यानं गेलं शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत. आम्ही वर काठाला बसून पाणी बघतोय. आता आमच्या बघण्याच्या जागेवरही गिऱ्हाईक आलं.

नीट ऐका, होडीशी आमचं वैर नाही. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची होडी. कातड्यानं मढवलेली, सील मारायला नेण्याची. म्हणजे तीही आपल्यासारख्यांच्याच पोटापाण्याची वस्तू, शहरानं तिचा खेळ केला. आमचा माणूस ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो. ट्यूब फुटली की संपलं. त्याला जाकीट द्यावं असं कुठल्या साहेबाच्या मनात आलं नाही.

जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. नेमक्या त्याच वेळेला यांना सूर्योदय बघायचा असतो! वल्हं अडकलं की जाळं फाटतं, आणि वर आम्हालाच ऐकवतात की मधे कशाला लावता. या पाण्यात बोटुकली सोडून मासेमारी उभी केली ती धरणग्रस्तांनी, शाश्वत संस्थेच्या साथीनं. त्या कामाला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाला दिसलं, जाहिरातवाल्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट गाळपेरीची. कालव्याला पाणी सुटलं की काठ उघडा पडतो, त्या ओल्या गाळावर आम्ही पेरतो. शहरवाल्याला ती सपाट मोकळी जागा दिसते. तिथंच तंबू, तिथंच गाडी, तिथंच रात्रीची शेकोटी आणि बाटल्या. सकाळी गुरं पाण्यावर न्यायची वाट बंद.

म्हणतात, तुमच्या पोरांना रोजगार मिळेल. कसला? भांडी घासायची, चुलीवरची भाकरी थापायची, गाड्यांच्या पावत्या फाडायच्या. होडीचं भाडं कोण घेणार, काठाचा करार कुणाच्या नावावर होणार, हे विचारलं की साहेब पुढच्या विषयावर जातात.

आणि हे एकट्या डिंभ्याचं नाही. जुन्नर 2018 साली पर्यटन तालुका जाहीर झाला. 2019 साली जलसंपदा खात्यानं धरणांजवळची विश्रामगृहं आणि मोकळ्या जागा खाजगी भागीदारीनं पर्यटनाला द्यायचं धोरण काढलं. माणिकडोह, पिंपळगाव जोगेच्या काठावरच्या भावांनो, तुमचा नंबर लांब नाही.

तवा धरणाचं उदाहरण ध्यानात ठेवा. मध्यप्रदेशात विस्थापित आदिवासींच्या संघाला 1996 साली मासेमारीचा हक्क मिळाला, लढून मिळाला. दहा वर्षांनी मुदत संपली आणि तो गेला. कारण तो होता सरकारचा पट्टा. म्हणून आम्हाला पट्ट्याची मेहरबानी नको, कायद्यातला हक्क पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये पाण्यातले मासे आणि चराई हे सामूहिक हक्क म्हणून लिहिले आहेत. साहेब म्हणतील, पेसात लहान जलाशय आहेत, हे मोठं धरण आहे. म्हणू द्या. पण गायरान, पाणवठा, पाण्याची वाट ही गावाची सामूहिक साधनं आहेत, आणि त्यांचं रक्षण करायचा अधिकार त्याच 1996 च्या कायद्यानं ग्रामसभेला दिला आहे.

या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूचं. म्हाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला तो. त्याच्या नावाच्या पाण्यावर गावाला न विचारता धंदा मांडायचा, म्हणजे कमालच म्हणायची.

तर 26 जानेवारीच्या आधी वाडीवाडीची ग्रामसभा बोलवा, बाया निम्म्या तरी पाहिजेत. ठरावात लिहा की ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय काठावर तंबू नाही आणि होडी नाही. जाळी लावायच्या जागा आणि वेळा, गाळपेरीची हद्द, गुरांची वाट हे सगळं नकाशा काढून जोडा. होडी चालवायचीच असेल तर ती धरणग्रस्तांच्या सोसायटीची, आणि जाकिटं आधी मासेमारांना. ठरावाच्या तीन प्रती करा. एक तहसीलला, एक प्रकल्प कार्यालयाला, एक गावात. पोच शिक्क्यासकट घ्या, नुसत्या सहीवर उठून येऊ नका.