‘सेम टू सेम’ची थाप

जुन्या गाडीला ‘ओरिजिनल कंपनी कलर’ हुबेहूब लावून देतो म्हणणारा माणूस एक तर अज्ञानी असतो, नाहीतर थापाड्या. वाक्य कडक आहे, पण मागे घेणार नाही. या थापेला मी स्वतः बळी पडलो आहे. मुलांना ‘आधी पुरावा तपासा’ असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या मुख्याध्यापकाला हे लिहिताना लाज वाटते.

गाडी वडिलांची, १९६८ सालची जावा. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या, १९९६ साली तो बंद पडला. मडगार्ड गंजले म्हणून ती रंगायला दिली. रंगारी माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, “काळजी करू नका ओ सर, कॉम्प्युटरवर मॅच करून घेतो. सेम टू सेम.”

यंत्राने खोटे सांगितले नाही. टाकीचा आज जो रंग आहे तो त्याने वाचला. पण आजचा रंग म्हणजे पन्नास उन्हाळे आणि बेळगावचे पन्नास पावसाळे खाऊन उरलेला रंग! उन्हाने लाल विटतो. मूळ छटा उरते ती टाकीच्या रबरी पॅडखाली, सीटखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत. तिथेही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. जुना तेलकट इनॅमल अंधारात पिवळसर होतो. मरूनमध्ये ते फारसे जाणवत नाही, पांढऱ्या किंवा हस्तिदंती गाडीत मात्र हमखास फसवते.

बरे, छटा सापडली तरी काम संपत नाही. लाल रंगाची झाकण्याची ताकद कमी; खाली लालसर प्रायमर आहे की करडा, यावर वरचा रंग बदलतो. पूर्वी रंग आणि चकाकी एकाच थरात असे. आता रंगाचा थर वेगळा, वर काचेसारखा क्लिअर कोट वेगळा. त्यामुळे छटा जुळली तरी गाडी ओली असल्यासारखी दिसते. शिवाय रंगद्रव्ये निराळी असली, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग अंगणात उन्हात वेगळे दिसतात. आमचे तसेच झाले. गाडी दारात आली आणि आई म्हणाली, “ही आपली नव्हे रे. आपली माझ्या इरकली पदरासारखी होती.”

मी रंगाऱ्याकडे परत गेलो. तो बिचारा म्हणाला, “मग नव्या जावाचा मरून घालू की सर.” म्हणजे २०१८ साली बाजारात आलेल्या गाडीचा रंग १९६८ च्या गाडीला! मूळ रंग कुठे उरला आहे का पाहू लागलो, तर रबराखालचे, झाकणाआतले सगळे पॉलिश पेपरने स्वच्छ घासलेले. वडिलांचा गाडीसोबतचा फोटो आहे, तो कृष्णधवल. धाकटा भाऊ म्हणतो रंग तपकिरीकडे झुकणारा होता, मी म्हणतो काळसर. पुरावा कोणाकडेच नाही.

दोष त्याचा थोडा, माझा अधिक. नवे दिसले म्हणजे जपले, ही आपली समजूतच खोटी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. मूळ रूप हवे. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट घातली. आणि आपण हौशी मंडळी त्या मूळ रूपाच्या नावाखाली मूळ थरच आधी खरवडून काढतो! गंज चढला असेल तिथे रंग लावलाच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण एका मडगार्डासाठी अख्खी गाडी सोलायची कशाला?

तुमच्या पडवीत अशी गाडी असेल, तर रंगाऱ्याकडे नेण्याआधी रबरी पॅड काढा, झाकण उघडा, तिथल्या रंगाचा नमुना पत्र्यावर करून घ्या आणि तो उन्हात धरून पाहा. झाकणाची आतली बाजू घासू देऊ नका. रंगारी हसेल. हसू द्या.