सेट टॉप बॉक्सचा हिशेब

उर्दूत 'हिसाब', मराठीत 'हिशेब'. शब्द एकच आहे. टीव्हीशेजारचा सेट टॉप बॉक्स चांगल्या चित्रासाठी आला असे आपल्याला सांगितले गेले. चित्र सुधारले हे खरे, पण त्याच्या जन्माचे मोठे कारण हिशेब हेच होते.

१९९१ च्या आखाती युद्धापासून उपग्रह वाहिन्या आल्या. केबलवाल्यांनी गच्चीवर डिश लावून चाळीचाळीत वायरी ओढल्या. या ॲनालॉग वायरीतून सगळ्या वाहिन्या सगळ्यांकडे जात. घरे किती जोडली, हे केबलवाल्यालाच ठाऊक. तो आकडा कमी दाखवतो, ही वाहिन्यांची जुनी तक्रार. त्यात वायरीत जेमतेम शंभरेक वाहिन्या मावत, म्हणून जागेसाठीही पैसे मोजावे लागत.

२००२ च्या कायदा-दुरुस्तीतून 'कॅस' आले. डिसेंबर २००६ च्या अखेरीस ते मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत लागू झाले, पण फार पसरले नाही. मग २०१० मध्ये 'ट्राय'ने शिफारस केली, २०११ मध्ये कायदा बदलला. मुंबईसाठी ३० जून २०१२ ही मुदत होती, ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. त्यानंतर विक्रोळीच्या पार्कसाइटपासून कन्नमवार नगरापर्यंत केबल पाहायची तर बॉक्स हवाच, अशी स्थिती झाली.

हिशेब ठेवण्यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की तो एकाच बाजूने ठेवला गेला. वाहिनीला घरांचा आकडा मिळाला, सरकारला कर मिळाला. बॉक्सचे पैसे मात्र आपण दिले.

१ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्यांच्या नव्या दरांची व्यवस्था लागू झाली. एकेक वाहिनी तिच्या जाहीर किमतीत निवडण्याचा हक्क आपल्याला आहे, पावतीचाही आहे. तरी आपल्या वस्त्यांत 'केबलवाला देईल ते पॅकेज' हीच रीत चालते. आपल्यासारख्या घरात अम्मीला मराठी मालिका हवी असते, अब्बांना मुशायरा. पॅकेज बनवणाऱ्याला हे घर ठाऊक नाही. सह्याद्री आणि डीडी उर्दू या दोन्ही वाहिन्या मोफत आहेत, हेही अनेकांना माहीत नसते.

म्हणून या महिन्यात पावती मागा. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला ती मोठ्याने वाचायला लावा. न पाहिलेल्या वाहिन्यांवर काट मारा. बॉक्स आपली मोजणी करतो, तर त्याचे बिल आपणही मोजून घ्यावे.