‘ओटीपी कुणालाही सांगू नका’, मग बिले भरायची कशी?

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही पानभर जाहिरात आपल्या रविवारच्या अंकात पुन्हा झळकली. मी ती वाचत होतो तेव्हा फोनवर आई मला ओटीपीच सांगत होती.

आई ७९ वर्षांची, राहते चिपळूणजवळ गावी. मी डोंबिवलीत. तिचे विजेचे बिल, टीव्हीचा रिचार्ज, विम्याचा हप्ता हे सगळे मी इथून तिच्या नेटबँकिंगवरून भरतो. ओटीपी जातो तिच्या बटणांच्या फोनवर. घरात रेंज नाही म्हणून ती विहिरीपाशी जाऊन उभी राहते आणि आकडे जोडीजोडीने वाचते, ‘एकोणसत्तर, अठ्ठावीस, त्रेपन्न.’ मी एकोणसत्तरचे एकोणऐंशी ऐकतो, वेळ संपते, पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या खात्यातून भरा ना, असे कुणी म्हणेल. भरता येते, ठाऊक आहे. पण आईला तिचे बिल तिच्याच पेन्शनमधून भरायचे आहे, आणि यात तिचे काय चुकले?

महिन्याला चार-पाचदा फोनवर ओटीपी वाचून दाखवणाऱ्या बाईला उद्या ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याने तो विचारला तर ती का नाही सांगणार? ही सवय तिला बँकेने लावली आहे, आणि मी. जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा बँकांनी मुलाला किंवा मुलीला वेगळे लॉगइन द्यावे. नोंदवलेली बिले तेवढी भरता यावीत, वर मर्यादा असावी आणि कुणी काय भरले ते पासबुकात दिसावे. यात अशक्य काय आहे? आपल्या खात्यातून दुसऱ्याला पैसे भरू देणारी ‘यूपीआय सर्कल’ ही सोय २०२४ पासून आहे म्हणे, पण ती सुरू करायला आधी आईच्या हातात स्मार्टफोन हवा.

ऑटो-पेची तर गंमतच आहे. एकदा परवानगी दिली की १५ हजारांपर्यंतच्या ठरलेल्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. आधी ही मर्यादा ५ हजार होती, रिझर्व्ह बँकेने ती २०२२ मध्ये वाढवली. म्हणजे सिनेमे दाखवणारी कंपनी आईच्या खात्यातून दरमहा परस्पर पैसे कापून घेऊ शकते, पोटच्या पोराने तिचे साडेसहाशेचे वीजबिल भरायचे तर तिने विहीर गाठायची!

यावर उपाय काय, असे शाखेत विचारले तर ‘आईंना घेऊन या’. गुडघे दुखतात, रिक्षाला जाऊन-येऊन ४०० रुपये पडतात. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच बजावले आहे. काउंटरवरच्या मुलाने ते ऐकलेलेही नव्हते. शेवटी म्हणाला, ‘साइटवर रिक्वेस्ट टाका.’ टाकली. ती पक्की करायला ओटीपी आईच्या फोनवर गेला.

– एक वाचक, डोंबिवली