पाच हजारांच्या आतली चोरी

गेल्या अंकानंतर आलेल्या सभासदांच्या पत्रांत जीएसटीपेक्षा जास्त तक्रारी ‘एनसी’च्या, म्हणजे पोलिसांच्या अदखलपात्र नोंदीच्या आहेत. माणूस तोच, रॅक तीच, मालही तोच: साजूक तुपाचे डबे, बदामाची पाकिटे, रेझरची कार्ट्रिजेस. पकडून ठाण्यात नेला की अंमलदाराचा पहिला प्रश्न, “किंमत किती?” एमआरपीने बेरीज ४,६०० भरली की आपल्या हातात अदखलपात्रची पावती, आणि चोर आपल्याआधी ठाण्याबाहेर!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला हात लावू शकत नाहीत. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये पुन्हा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष सक्तमजुरी सांगितली आहे. कागदावर झकास. पण तपासच नाही तर खटला कुठला? आणि जो एकदाही दोषी ठरला नाही, तो पुन्हा कसा ठरणार? अर्ध्या बाजारपेठेत हात मारलेला सराईत चोर कोर्टाच्या लेखी कोराच राहतो.

याच संहितेत कलम ३०५ आहे. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी: सात वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. रकमेची अट नाही. आपली दुकाने माल ठेवायची इमारत नाहीत, तर काय धर्मशाळा आहेत? जुन्या दंड संहितेच्या कलम ३८० खाली दुकानातल्या चोऱ्या नोंदल्या जात होत्याच. तरी अंमलदाराचे बोट ३०३ वरून हलत नाही, कारण एनसी लिहिली की त्याचे काम संपते. फिर्यादीत ३०५ चा उल्लेख लेखी करा. नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांकडे टपालाने अर्ज धाडा.

एनसींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवा, असे सुरक्षा संहितेचेच कलम १७४ सांगते. आयुक्तालयाने सगळ्या ठाण्यांच्या एनसी नुसत्या शेजारीशेजारी ठेवल्या, तरी हद्द बदलून फिरणारी तीच ती नावे दिसतील. त्यासाठी नवा कायदा नको, एक हवालदार आणि एक एक्सेल शीट पुरे.

आता आपल्या मंडळींबद्दल. चार मुस्काटात देऊन सोडून देणे आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे, एवढाच अनेकांचा बंदोबस्त. उद्या मारहाणीची उलटी तक्रार झाली की धावत संघटनेकडे येणार! डीव्हीआरचे घड्याळ वीस मिनिटे पुढे, फूटेज आठवड्यात पुसलेले, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र कशाशी खातात ते ठाऊक नाही. मग कोर्टात काय दाखवणार?

दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी एकत्रित अर्ज करायचा आहे. एनसीची प्रत, चोरीला गेलेल्या मालाचे खरेदी बिल आणि फूटेजचा पेन ड्राइव्ह १५ तारखेपर्यंत संघटनेच्या कार्यालयात आणून द्या. फोनवरच्या तक्रारी घेतल्या जाणार नाहीत.