बुलडॉगच्या पिल्लाआधी मालकाची शिस्त

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन म्हणजे चुनखडीचा, सिमेंटचा आणि कोळशाचा मुलूख. वैशाखात जेथे पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि भर दुपारी बैलही झाडाखालून उठावयास राजी नसतो, अशा ठिकाणी चपट्या नाकाचे बुलडॉगचे पिल्लू हौसेने घरी आणू पाहणाऱ्याने, त्याला काय शिकवावे हे ठरविण्यापूर्वी आपण स्वतः कोणती शिस्त पाळणार आहोत याचा निवाडा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुत्रे मुख्यतः धापा टाकूनच देहातील उष्णता बाहेर टाकते, आणि बुलडॉगचा श्वासमार्ग तर मुळातच अरुंद. बैलांशी झुंजविण्याकरिता इंग्लंडात जोपासलेल्या या वंशाची पैदास, १८३५ साली त्या क्रूर खेळास कायद्याने बंदी झाल्यानंतर, पुढे रूपाच्या हौसेसाठी होत गेली आणि त्या हौसेपायी त्याचा चेहरा अधिकच चपटा झाला. म्हणून उन्हाळ्यात त्याचे फिरणे आणि शिकणे पहाटे, किंवा रात्री जमीन निवल्यावरच उरकावे; गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा बांधावा; आणि धाप थांबेना किंवा जीभ जांभळी दिसू लागली, तर तत्काळ सावलीत नेऊन, अंगावर साधे पाणी ओतून, वारा घालीत पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास २०१७ च्या श्वानपैदास नियमांनी मनाई केली आहे, ती योग्यच. कारण दात किती जोराने रोवावेत याचा पहिला पाठ ते भावंडांतच गिरवते. घरी आल्यावर, झोपेतून उठताच, जेवणानंतर आणि खेळ संपताच त्याला अंगणातील एकाच ठरावीक कोपऱ्यात न्यावे, विधी उरकताच तेथल्या तेथे शाबासकी द्यावी, आणि घरात चूक झालीच तर निमूटपणे पुसून घ्यावे. मागाहून केलेल्या मारझोडीने त्याला केवळ मालकाचे भय कळते, अपराध कळत नाही. ‘बस’, ‘ये’ असे हुकूम तीन-चार मिनिटांच्या बैठकीत, उकडलेल्या कोंबडीच्या मांसाच्या वाटाण्याएवढ्या तुकड्याच्या आमिषाने शिकवावेत, आणि तेवढे अन्न रोजच्या वाटीतून वजा करावे, कारण लठ्ठ बुलडॉगला श्वास अधिकच जड जातो. नियम घरातील सर्वांनी सारखाच पाळावा; बाबांनी मना केलेला पोळीचा तुकडा आजीने ताटातून हळूच टाकला, की महिन्याची मेहनत वाया जाते. वाटेत बसकण मारून पिल्लू हटून बसले, तर ओढाताण न करता आपण उकिडवे बसून प्रेमाने बोलवावे. ट्रकांचा खडखडाट, गुरे, सायकली आणि अनोळखी मुले यांची ओळख पहिल्या तीन-चार महिन्यांतच, लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन, करून द्यावी. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस टोचून घ्यावी व पशुवैद्याच्या सल्ल्याने ती वेळच्या वेळी पुन्हा देत जावी.

ज्या घरी गारव्याची तजवीज नाही, वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था नाही आणि पहाटे उठण्याची तयारी नाही, त्या घराने बुलडॉग आणू नये. वरील सारी शिकवण गावठी पिल्लाला तितकीच लागू पडते, आणि या मातीतल्या उन्हाला ते पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले असते. हौस खरी असेल, तर तेच घरी आणावे.