साष्टी पुढे गेली, आपली गाठ तिथेच

हंगाम सुरू झाला की जिनवर सकाळची पहिली चौकशी भावाची असते, आणि कान असतात मुंबईच्या कॉटन ग्रीनकडे. कापूस अकोट, तेल्हारा, दर्यापूरचा. हाजर भाव मात्र तिथल्या कॉटन असोसिएशनचा. आपण रुई विकतो ती खंडीही 784 पौंडांची, म्हणजे 356 किलोची, मुंबईचीच. गंमत अशी की ज्या बेटांवरून भाव येतो, तिथे सूत काढणाऱ्या गिरण्या आता जवळपास नाहीतच.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (1861-65) लँकेशायरचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाचे सोने झाले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. गाठी बंदरावर जायच्या; पुढे गिरण्या वाढल्या तशा वाटेतच थांबू लागल्या. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापूस जवळ म्हणून. त्याच टाटांनी 1886 मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. कुर्ला साष्टी बेटावर. भातशेती, मासेमारी आणि आगरांतले मीठ यांवर जगणाऱ्या त्या बेटावर असे कारखाने उभे राहिले.

साष्टीचा पुढचा प्रवास आपल्या व्यवसायाने नीट पाहावा असा आहे. मालाडला 1934 मध्ये बॉम्बे टॉकीज आली, अंधेरीत 1973 मध्ये निर्यातीसाठी सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुलात 2010 मध्ये हिऱ्यांचा बाजार. हिऱ्याची खाण तिथे नाही, कापसाचे शेत तर नाहीच. दुसरीकडचा माल तपासायचा, त्याची प्रत ठरवायची आणि प्रतीचे पैसे घ्यायचे, हे त्या भागाला साधले. याची किंमतही मोठी होती. 1982 च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही.

गिरण्या मुंबईतून उठल्या तेव्हा चात्या कापसाच्या गावी यायला हव्या होत्या. त्या गेल्या तमिळनाडूत, गुजरातेत. अकोल्याची सावतराम, बडनेऱ्याची विजय, अचलपूरची विदर्भ मिल, आपल्या होत्या त्याही बंद पडल्या. मुंबईची फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने अचलपुरात नव्याने उभारली, तीही 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि कामगार रस्त्यावर आले. याला सरकारी धोरण जबाबदार आहेच. पण आमच्या मते दोष आपल्याकडेही आहे. दीडशे वर्षांत आपण वजन विकले, धागा विकला नाही. उताऱ्याचा हिशेब प्रत्येक जिनवाल्याला तोंडपाठ. आपल्या लॉटचे मायक्रोनेअर किती, ताकद किती, हे मात्र खरेदीदार सांगेल ते खरे.

आता नांदगाव पेठला पीएम मित्र पार्क येते आहे. सुमारे 1000 एकरांच्या या प्रकल्पाची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 ला झाली. तिथे सूतगिरणी आली तरी ती शेजारधर्म म्हणून वऱ्हाडची गाठ उचलणार नाही. तिला एकसारखी लांबी हवी, कमी कचरा हवा, आणि प्लास्टिकच्या पोत्याचा एकही धागा नको; तो धागा रंगाई झाल्यावर कापडात उघडा पडतो आणि दावा फिरून जिनच्या दारात येतो. कस्तुरी कॉटन योजनेत तपासलेल्या गाठीवर क्यूआर कोड लागतो, तिचा माग जिनपर्यंत निघतो. ही कटकट वाटणाऱ्यांची संख्या आपल्यात बरीच आहे.

म्हणून सभासद जिनमालकांना विनंती: येत्या हंगामात सगळा कापूस एकाच ढिगात टाकू नका. पहिल्या वेचणीचा वेगळा ठेवा, फरदड आणि कवडी त्यात मिसळू नका, शेतकऱ्याला सुती पोती द्या. लॉटमागे नमुना काढून एचव्हीआय तपासणी करून घ्या आणि तो अहवाल सौद्याच्या वेळी स्वतः दलालापुढे ठेवा. फिटर आणि ग्रेडरच्या प्रशिक्षणासाठी माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र नागपुरातच आहे. माणसे हंगामाआधी पाठवा, हंगामात सवड मिळणार नाही.